कवन करणारे आणि कवन सुधारणारे

गेल्या महिन्यांत तिघेजण आपापलीं कवनें घेऊन आमच्याकडे आले. एक डाळिंबाचा बागाइतदार, दुसरा शिंपी, तिसरा मेंढका. बागाइतदारानें आपलें कवन खताच्या पावतीच्या पाठीवर लिहिलें होतें. शिंप्याचें मापाच्या वहींत होतें. वर कोणाच्या सदऱ्याची उंची व छाती, आणि खालीं विठोबाचें पद. मेंढक्यास लिहितां येत नाहीं. त्यानें आपलें गाणें मोबाइलांत म्हणून ठेविलें होतें, आणि त्याच्या मागें मेंढरांचें ओरडणें ऐकूं येत होतें. तिघांचें मागणें मात्र एकच: “गुरुजी, एवढं शुद्ध करून द्या.”

हें मागणें आम्ही वीस वर्षें ऐकत आलों आहों, आणि वीस वर्षें तें मोठ्या हौसेनें पुरवीत आलों आहों. आज त्याच मागण्याविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. कां कीं, या शुद्ध करून देण्यांत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आमचा सांगोला तालुका माण नदीच्या कांठचा. येथें पावसाचा दुष्काळ नेमानें पडतो. गाणीं जुळविणारांचा दुष्काळ मात्र कधीं पडला नाहीं. गांवोगांवीं भजनी मंडळ्या आहेत, ढोलावर बिरोबाच्या ओव्या म्हणणारे धनगर आहेत, जत्रेंत गजीचा खेळ मांडणारे आहेत, आणि या सर्वांमागें दोन-चार असामी अशा असतात कीं ज्या नवें कडवें जुळवून देतात. त्यांस कोणी कवि म्हणत नाहीं. ते पोट भरण्यासाठीं गाणीं करीत नाहींत. पोट त्यांचें शेतीवर, मेंढरांवर, नाहींतर हत्यारावर चालतें.

यांच्या संवयी पाहण्यासारख्या आहेत. शेतीच्या पंपास वीज कांहीं दिवस रात्रीचीच मिळते. मग शेतकरी काळोखांत मकेला दारें धरून बसतो. एक वाफा भरेपर्यंत दुसरें काम नसतें. विंचूकाट्याचें भय असतें, म्हणून झोपही घेतां येत नाहीं. अशा वेळीं माणूस गुणगुणतो, आणि सकाळीं घरीं येतो तो एक कडवें घेऊनच येतो. मेंढक्याचें गाणें मेंढरांमागें चालतांना होतें, म्हणून त्याची चाल पायांची असते. लोहाराचें घणाच्या ठोक्यावर होतें. बायकांचें जात्यावर होत असे. घरोघरचीं जातीं गेलीं, तरी कांहीं म्हाताऱ्यांच्या ओठांवर तें अजून आहे. हातास काम आणि मनास सवड असें ज्या वेळीं घडतें, त्या वेळीं कवन होतें. कागद पुढें घेऊन, मुद्दाम बसून, आमच्या माहितींतल्या एकाही माणसास चांगलें कवन झालेलें नाहीं. आम्ही स्वतः ट्रेनिंग कॉलेजांत वृत्तें पाठ केलीं, गण मोजावयास शिकलों, आणि बसून कविताही केल्या. त्यांची वही घरीं आहे. ती आजवर कोणी मागितली नाहीं, यांतच सर्व आलें.

आतां हे लोक कवन कां करितात? शहाणे म्हणतात, नांवासाठीं. तें खोटें नाहीं. शेवटच्या कडव्यांत कवीचें नांव येतें, बापाचें येतें, गांव येतें, तालुका येतो. एकानें तर टपालाचा पिन कोडही यमकांत बसविला होता. यास आम्ही पुष्कळ हंसलों. मागाहून मनांत आलें, या माणसाचें नांव दुसरें कोठें लिहिलेलें असतें? सातबाऱ्यावर असतें, सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादींत असतें, आणि मतदारांच्या यादींत असतें. तिन्ही ठिकाणीं तें दुसऱ्यानें लिहिलेलें. आपल्या मर्जीनें आपलें नांव घालावें अशी जागा त्या एका कडव्याखेरीज त्याला जगांत नाहीं. आणि ही रीत कांहीं त्यानें काढलेली नव्हे. शेजारच्या मंगळवेढ्याचे चोखोबा, माढे तालुक्यांतील अरणचे सांवता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार, या सर्वांनीं अभंगाच्या शेवटीं आपलें नांव घातलें. पोथींत त्यांच्यासाठीं कोणी जागा राखून ठेविली नव्हती. ती त्यांनीं स्वतः केली. तेव्हां नांवाच्या हौसेस हंसण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

दुसरें कारण दुःख. आमच्या गांवच्या म्हाताऱ्या सांगतात कीं १९७२ च्या दुष्काळांत त्या खडी फोडावयास जात, तेव्हां हातोडीच्या ठोक्यावर गाणीं होत. खडी किती फोडली याचें माप होतें. मनांत किती फुटलें याचें माप गाण्यांत होतें. त्या गाण्यांस कर्त्रीचें नांव नाहीं. एकीनें ओळ टाकावी, दुसरीनें ती पुरी करावी, तिसरीनें दुसऱ्या दिवशीं तींत आपल्या लेकीचें नांव घालावें. नांवासाठीं कवन होतें म्हणणारांनीं याचा जबाब द्यावा.

तिसरें कारण ईर्षा, आणि तीही वाईट नव्हे. जुन्या शाहिरांत कलगी व तुरा असे दोन पक्ष होते. एकानें कवनांतून कोडें घालावयाचें, दुसऱ्यानें कवनांतूनच तें उकलावयाचें, आणि गांवानें रात्रभर बसून ऐकावयाचें. या चढाओढीनें कित्येक अडाणी म्हटलेल्या माणसांस पुराणें मुखोद्गत झालीं व उलटून प्रश्न विचारावयाची संवय लागली.

चौथें कारण मात्र आम्हांस खटकतें. तें म्हणजे मोठ्यांची मर्जी. निवडणूक आली कीं आमच्या कवनकारांस दिवाळी येते. सिनेमाची चाल घ्यावी, साहेबांस सूर्य म्हणावें, दादांस वाघ म्हणावें, ताईंस माउली म्हणावें, आणि कर्ण्यावरून तें गांवभर फिरवावें. एका गृहस्थानें एकच गाणें एकाच निवडणुकींत तीन उमेदवारांस दिल्याचें आम्हांस ठाऊक आहे. तिघांचींही नांवें तीन अक्षरांचीं होतीं, त्यामुळें दुरुस्तीचा खर्च पडला नाहीं! हांसून सोडावें असेंच हें आहे. पण तोच गृहस्थ पूर्वीं पाण्याच्या टँकरवर जें गाणें म्हणत असे, तें त्यानें त्या दिवसापासून म्हणणें सोडलें. कां, तर तिघांपैकीं कोणीतरी रागावेल.

बंधूंनो, येथें थोडें थांबून विचार करा. पेशवाईच्या अखेरीस होनाजी बाळासारख्या शाहिरांस दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. ज्याचें अन्न खावें त्याच्या आवडीचें गावें लागे. तो धंदाच होता, आणि त्यांतही त्या मंडळींनीं मोठें काम केलें. आमचा हौशी कवनकार कोणाचें अन्न खात नाहीं. त्याचें गाणें कोणास आवडलें नाहीं म्हणून त्याची चूल विझत नाहीं. एवढी मोठी मोकळीक दरबारी शाहिरास नव्हती ती यास फुकट मिळाली आहे. ती त्यानें एका शालीसाठीं व फटाक्याच्या माळेसाठीं द्यावी, हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय.

हौसेचें कवन म्हणजे हलकें कवन, असेंही कोणी समजूं नये. जोतीराव फुले यांनीं १८६९ सालीं शिवछत्रपतींचा पोवाडा रचून छापला. ते कांहीं धंद्यानें शाहीर नव्हते. १८८५ सालीं पुण्यास ग्रंथकारांची सभा भरली, तिचें आमंत्रण त्यांनीं नाकारलें. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या लोकांच्या व्यथांस जागा नाहीं त्यांच्यांत मिसळून आमचें काय साधणार, अशा अर्थाचें पत्र त्यांनीं धाडिलें. १८७३ सालीं निघालेल्या सत्यशोधक समाजाचे पुढें जे जलसे झाले, त्यांत गाणारे व गाणीं करणारे बहुतेक शेतकरी व कारागीरच. तमाशाचा सांगाडा तोच, ढोलकी तीच, लोकांच्या कानांत बसलेल्या चाली त्याच; आंतला माल मात्र बदलला. सावकाराचा कागद, लग्नाचा कर्ज काढून केलेला खर्च, दारू, मुलींचें शिक्षण हे विषय व्याख्यानानें जितके पोंचले नसते तितके त्या गाण्यांनीं पोंचले.

आमच्याच जिल्ह्यांत बार्शीस जन्मलेले अमर शेख (१९१६–१९६९) गिरणींत राबले आणि मग सबंध महाराष्ट्रांत त्यांचा आवाज घुमला. सिन्नर तालुक्यांतील वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांस लहानपणीं शाळा लाभली नाहीं. मुंबईस गेल्यावर जाणतेपणीं त्यांनीं अक्षरें ओळखलीं. १९४३ सालीं त्यांनीं पहिलें गाणें केलें, तें एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. तेव्हां सिनेमाची चाल घेतली म्हणून कोणी कवनकारास नाक मुरडूं नये. चाल उसनी चालते. उसना शब्द चालत नाहीं, आणि उसनें मन तर मुळींच चालत नाहीं.

आमच्या तालुक्यांतीलच दाखला द्यावयाचा तर नाझऱ्याच्या श्रीधर कवीचा. त्याचा हरिविजय १७०२ सालचा व पांडवप्रताप १७१२ सालचा. तो कुळकरण्याच्या घराण्यांतला, संस्कृत जाणणारा. तथापि त्यानें लिहिली ती ओवी सोपी, आणि म्हणून तीनशें वर्षें त्याची पोथी कुणब्याच्या ओसरीवर वाचली गेली. आम्ही जात पाहून गुण नाकारीत नाहीं. ज्यास सर्व कांहीं येत होतें त्यानें सोपें लिहावें, आणि ज्याच्या तोंडीं उपजतच सोपें आहे त्यानें अवघड लिहावयास धडपडावें, हें आमच्या काळचें नवल आहे.

आणि या धडपडीस कारण कोण? कारण आम्ही मास्तर लोक.

सहा-सात वर्षांपूर्वींची गोष्ट. गांवांत एक लोहार आहेत, वयानें साठीच्या पुढचे. आम्ही त्यांस तात्या म्हणतों. बैल गेले, ट्रॅक्टर आले. फाळ शेवटावयास कोणी येईना, बैलांस पत्री मारावयास कोणी बोलावीना. तात्यांनीं त्यावर एक गाणें केलें. तें ते दुकानांत घणाच्या ठोक्यावर म्हणत, आणि विळाखुरपें घेऊन आलेलीं माणसें काम झाल्यावरही बसून राहत. त्यांत ऐरणीला हिंव भरलें होतें. भाता म्हाताऱ्यासारखा धापा टाकीत होता. ज्या खोंडाच्या पायांस पहिली पत्री मारली तो सांगोल्याच्या बाजारांतून माघारा आला नाहीं, असें कांहींसें एक कडवें होतें. “कांहींसें” म्हणावें लागतें, त्याचें कारण पुढें येईल.

जत्रेंत गाणें म्हणावयाचें ठरलें, तेव्हां तात्या आमच्याकडे आले. “गुरुजी, चार लोकांत म्हणायचंय. शुद्ध करून द्या.” आम्ही लाल शाईचें पेन घेतलें. ऐरणीला हिंव कसें भरेल? तेथें आम्हीं “ग्रामोद्योग लयास गेला” असें घातलें. भाता खोडला, “यंत्रयुगाचा प्रताप” घातला. खोंडाचें कडवें लांब वाटलें म्हणून काढून टाकलें. “बगा”चें “पहा” केलें, “न्हाई”चें “नाहीं” केलें. शेवटीं सुवाच्य अक्षरांत प्रत करून दिली, आणि त्यांचा मूळ कागद चुरगाळून टोपलींत टाकला. तात्यांनीं हात जोडले. आम्हांस धन्यता वाटली.

जत्रेंत काय झालें तें सांगावयास जड जातें. तात्या उभे राहिले आणि वाचूं लागले. गाऊं नव्हे, वाचूं. आमच्या शब्दांस घणाचा ठोका लागेना. लोकांनीं दोन कडवीं ऐकलीं, मग बायका मुलांस घेऊन पाळण्याकडे गेल्या, मग मागल्या बाजूस कोणीतरी कर्णा सुरू केला. तात्यांनीं कागदाची घडी केली व खालीं उतरले. आम्हांस एक शब्द बोलले नाहींत. उलट कोणी विचारलें तर सांगत, “गुरुजींनी चांगलंच करून दिलं हुतं, माझाच गळा बसला.” त्यानंतर त्यांनीं गाणें केलेलें आम्हांस ठाऊक नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही त्यांच्या दुकानीं गेलों आणि म्हटलें, “तात्या, तें जुनें गाणें एकदां म्हणा.” ते बराच वेळ ऐरणीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “न्हाई आठवत, गुरुजी. तुमचंच पाठ झालंय.”

वाचकहो, त्या दिवसापासून “शुद्ध” या शब्दाचा आम्हांस धाक वाटतो. शाळेंत आम्ही प्रमाण भाषा शिकवितों व पुढेंही शिकवूं. मुलास अर्ज लिहितां आला पाहिजे, परीक्षेंत उत्तर देतां आलें पाहिजे, कचेरींत कोणापुढें खालीं पाहावयाची पाळी येतां कामा नये. त्यासाठीं ती भाषा हवीच. परंतु गाणें म्हणजे अर्ज नव्हे. तें साहेबाकडे जात नाहीं, आपल्या माणसांकडे जातें. ज्यांच्यासाठीं तें केलें त्यांच्या तोंडचे शब्द त्यांतून काढून घेतले, तर तें कोणाकडेच जात नाहीं.

कोणी म्हणतील, असे गांवठी शब्द ठेविले तर शहरांत लोक हंसतील. यास उत्तर जळगांवाकडील बहिणाबाई चौधरी यांचें. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत व घरकामांत त्या जें म्हणत तें घरच्या मंडळींनीं उतरून घेतलें. १९५१ सालीं त्या वारल्या, आणि १९५२ सालीं आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचें पुस्तक निघालें. शहरांतले लोक हंसले नाहींत. त्यांनीं तें डोक्यावर घेतलें. बहिणाबाईंची थोरवी तर आहेच. पण उतरून घेणारांनीं तिकडची बोली तशीच राहूं दिली, हेंही मोठें भाग्य. त्यांच्या शेजारीं आमच्यासारखा एखादा मास्तर लाल शाई घेऊन बसला असता, तर आज काय हातीं लागलें असतें?

मग दुरुस्ती करूंच नये कीं काय? करावी; पण तीन गोष्टींचीच. ताल कोठें मोडतो तें दाखवावें. जें सांगितलें तें खरें आहे कां हें विचारावें. आणि एखादा शब्द त्या माणसाच्या तोंडचा नसून कोठून तरी उचललेला असेल, तर त्यावर बोट ठेवावें. बदल त्याचा त्यानें करावा. पेन त्याच्याच हातीं राहावें. लिहितां येत नसेल तर आमच्या हातीं, पण बोल त्याचे.

घरोघरच्या मंडळींस आमची एक विनंति आहे. तुमच्या घरांत आई, आजी, चुलती कोणी ओव्या म्हणत असेल, तर ती आहे तोंवर त्या उतरून घ्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परक्या देशांत जन्मलेला माणूस येथें येऊन आमच्या आयांपुढें कान देऊन बसला. आम्हांस मात्र स्वतःच्या आजीजवळ बसावयास सवड नाहीं. आज घरोघरीं मोबाइल आहे. तिला म्हणूं द्या, तो चालू ठेवा, आणि शेवटीं तिचें नांव, गांव व तारीख बोलून ठेवा. मध्येंच “असं नव्हे, तसं म्हण” असें सांगूं नका.

कवनकारांस एक व्यवहाराची गोष्ट. गाणें वहींत लिहा, खालीं नांव व तारीख घाला. १९५७ च्या कायद्यानें गाणें रचणाराचा त्यावर हक्क असतो. त्यास नोंदणीची सक्ति नाहीं, आणि तो हक्क हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षें चालतो. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणें गाण्याच्या रॉयल्टींतील गीतकाराचा वाटा कंपनीस सोडून देतां येत नाहीं. तसें लिहून घेतलें तरी तें चालत नाहीं. तेव्हां रेकॉर्डवाल्यानें पुढें केलेल्या कागदावर, सावकाराच्या कागदावर आपल्या आज्यानें केला तसा, न वाचतां अंगठा करूं नका.

या पत्राच्या चालकांसही सांगणें आहे. गांवांकडून येणारीं कवनें छापतांना त्यांची भाषा बदलूं नये. जागा थोडी असेल तर कमी छापावीं, पण जशीं आलीं तशीं छापावीं. मोठ्या माणसांच्या स्तुतीचीं मात्र खुशाल परत करावीं.

त्या तिघांचें काय केलें, असें कोणी विचारील. शिंप्याच्या पदांत एका पुढाऱ्याचें नांव विठोबाच्या शेजारीं आलें होतें. तेवढें दाखविलें, तो हंसला व त्यानेंच खोडलें. बागाइतदाराच्या कवनांत डाळिंबावरच्या तेल्या रोगाचें वर्णन इतकें हुबेहूब होतें कीं त्यांत आमचें कांहीं काम नव्हतें. पावती तशीच परत दिली. मेंढक्याचें गाणें आम्हीं मोबाइलवर पांच वेळां ऐकून त्याच्या उच्चाराप्रमाणें अक्षर न् अक्षर उतरून घेतलें, आणि त्यास वाचून दाखविलें. तो म्हणाला, “गुरुजी, हे तर माझंच हाय की.” वीस वर्षांत एवढें मोठें प्रशस्तिपत्र आम्हांस मिळालें नव्हतें.

एक काम राहिलें आहे. तात्यांच्या दुकानीं पूर्वीं फाळ शेवटावयास, खुरपें घ्यावयास येणारांपैकीं कोणास त्या जुन्या गाण्याच्या दोन ओळी जरी आठवत असतील, तरी त्यानें शाळेंत येऊन सांगाव्या. आम्ही वही घेऊन बसलों आहों. लाल पेन घरीं ठेविलें आहे.